उसनें तेज

मराठी भाषेनें ज्या थोड्या वस्तूंवर कायमचा अन्याय करून ठेविला आहे, त्यांत बेगड ही एक वस्तु होय. कथलासारख्या हलक्या धातूचा पातळ, रंगविलेला वर्ख, एवढाच काय तो बेगडाचा अपराध. परंतु त्याच्या नांवावरून आम्हीं 'बेगडी' हें विशेषण घडविलें आणि खोटी विद्वत्ता, खोटी देशभक्ति, खोटें प्रेम अशा नाना प्रकारच्या खोटेपणाच्या गळ्यांत तें बांधून मोकळे झालों. गंमत अशी कीं, ज्या समाजाची ही भाषा त्याच समाजानें नवरदेवाच्या कपाळीं बाशिंग बांधावयाचें तें बेगडाचें. मोहरमच्या ताबुतांस झळाळी आणावयाची ती बेगडाची. आणि आंबेगांव-जुन्नरकडील शेतकऱ्यानें भाद्रपदी पोळ्यास बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून वर जो चमकता पट्टा चिकटवावयाचा तोहि बेगडाचाच. विवाहासारखा गंभीर विधि, शोकाचें व्रत आणि वर्षभर राबलेल्या जनावराविषयींची कृतज्ञता, या तिन्ही ठिकाणीं ज्याला मान, तो पदार्थ कोशांत मात्र लबाडीचा वाचक ठरावा, यांत कोठें तरी विचाराची गफलत झालेली असली पाहिजे. ती भाषेची कीं आचाराची, याचा निर्णय करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विचाराच्या सोयीसाठीं बेगडाचें एक धाकटें भावंड आपण हातीं घेऊं. टिकली, चमकी, सितारा अशा निरनिराळ्या नांवांनीं ओळखली जाणारी, मधोमध छिद्र असलेली ती वाटोळी चकती सर्वांच्या परिचयाची आहे. कपाळावर लावावयाची टिकली आणि कापडावर शिवावयाची टिकली या दोहोंस आपण एकच शब्द वापरतों, आणि तें योग्यच आहे. पाहणाराची नजर एका बिंदूवर खेचून घेणें हेंच दोहोंचें काम. या चकतीचा मोह बायकांस आहे, मुलांस आहे, नटांस आहे, देवांच्या तसबिरी सजविणाऱ्या भाविकांस आहे, आणि अलीकडे छायाचित्रकारांसहि आहे. तो मोह नाहीं, निदान नाहीं असें दाखविण्याची धडपड आहे, ती केवळ आम्हां सुशिक्षितांस. टिकल्यांच्या कापडाविषयीं आमचा ठरलेला शब्द 'भडक' हा होय, आणि तो उच्चारला कीं चर्चा संपली असें आम्ही समजतों.

ही चर्चा पुन्हां सुरू करावयास पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागासारखा दुसरा प्रदेश सांपडणें कठीण. आंबेगांव तालुक्यांत महाळुंगे पडवळ हें गांव आहे. १९०८ सालीं येथें एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं बाबू गेनू सैद यांचा जन्म झाला. पुढें ते मुंबईस गिरणींत कामाला लागले, आणि १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडानें भरलेली मालमोटार अडवितांना तिच्याखालीं चिरडले जाऊन हुतात्मा झाले. या गांवापासून थोड्याच अंतरावर, शेजारच्या जुन्नर तालुक्यांत, नारायणगांव आहे. चैत्र-वैशाखांतील गांवोगांवच्या यात्रांचा हंगाम आला कीं तमाशांचे फड येथें आपल्या राहुट्या टाकतात आणि खेड्यापाड्यांचे पंच येऊन सुपारी ठरवून जातात. तमाशाची पंढरी हें या गांवाचें बिरुद सर्वश्रुत आहे. विठाबाई भाऊ मांग (१९३५–२००२) या थोर कलावतीनें आपल्या नांवापुढें नारायणगांवकर हेंच नांव लाविलें. एका गांवाच्या नांवाशीं देशी कापडासाठीं दिलेला प्राण जोडलेला, दुसऱ्याच्या नांवाशीं चमकत्या कापडांत घालविलेलें उभें आयुष्य जोडलेलें. आणि दोन्ही गांवांचे लोक एकाच बाजारास जाणारे. टिकलीविषयीं जें काय म्हणावयाचें तें या दोहोंसमोर उभें राहून म्हणतां आलें पाहिजे.

टिकलीवरील पहिला आरोप असा कीं, ती सोन्याची नक्कल आहे. या आरोपास इतिहासाचा कांहींसा आधार आहे. इंग्रजींत टिकलीस 'सीक्विन' म्हणतात. हा शब्द 'झेक्कीनो' या इटालियन शब्दावरून आला. व्हेनिसच्या टांकसाळींत १२८४ पासून पडत आलेलें आणि पुढें या नांवानें प्रसिद्ध झालेलें तें सोन्याचें नाणें होय. 'झेक्का' म्हणजे टांकसाळ, आणि त्याचें मूळ अरबी 'सिक्का', म्हणजे आपल्या राजमुद्रेवरचा 'शिक्का' तोच. १७९७ सालीं व्हेनिसचें प्रजासत्ताक लयास गेलें, तोंपर्यंत हें नाणें व्यापाऱ्यांबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत होतें. त्यावर मनुष्याकृति कोरलेल्या असल्यामुळें आपल्याकडे त्याला 'पुतळी' म्हणत, आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यांतील पुतळ्यांच्या माळेंत त्याची स्मृति अद्यापि टिकून आहे. मुंबईकडील इंग्रजांनीं तर याच नाण्याच्या नांवाचा 'चिक' असा संक्षेप करून तो चार रुपयांस लाविला होता. तेव्हां नाण्याची झाली माळ, आणि माळेची झाली टिकली, अशी ही उतरती भाजणी आहे, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु वंशावळ सांगितल्यानें स्वभाव सांगितला असें होत नाहीं. पुतळीचें मोल तिच्या वजनांत असे. अडचणीच्या प्रसंगीं पुतळ्यांची माळ सोनाराकडे जाई आणि तिच्यावर पेरणीचें बीं येई किंवा मुलाची फी भरली जाई. टिकल्यांची चोळी गहाण ठेवून घेणारा सावकार अजून जन्मास आलेला नाहीं, आणि ती शिवून घेणाऱ्या बाईस हें पुरतेपणीं ठाऊक असतें. फसवणूक म्हणावयाची तर फसविणारा आणि फसणारा असे दोघे लागतात. यात्रेंतल्या दुकानांत चमकीची पुडी विकत घेणारी खेड्यांतील मुलगी तिला सोनें समजत नाहीं; तिची मैत्रीणहि समजत नाहीं. खरी नक्कल करतो तो मुलामा. पितळेवर सोन्याचें पाणी देऊन वजनाची आणि किंमतीची बतावणी करावयाची हें त्याचें काम. टिकली वजनाचा दावाच सांगत नाहीं. मग ती कशाचा दावा सांगते?

तिची घडण पाहिली म्हणजे याचें उत्तर मिळतें. टिकली हा एक सपाट, चिमुकला आरसा आहे. आरसा एक अंश फिरला कीं त्यावरून परतणारा किरण दोन अंश फिरतो, हें शालेय प्रकाशशास्त्रांतील साधें तत्त्व आहे; म्हणजे अंगाची लहानशी हालचाल टिकली दुपटीनें सांगते. कसबी कारागीर सुई खालून वर काढतो, दोऱ्यांत एक बारीक मणी ओंवतो आणि त्याच छिद्रांतून सुई परत खालीं नेतो. मण्यामुळें टिकली सुटत नाहीं, पण ती कापडाला जखडलीहि जात नाहीं. ती किंचित् डुलते. एका रांगेची कड दुसऱ्या रांगेवर माशाच्या खवल्यांप्रमाणें ठेविली तर प्रत्येक टिकली थोड्या निराळ्या कोनांत राहते, आणि अंग हललें कीं एकामागून एक टिकली पेटते व विझते. सोन्याचें तेज याहून निराळें. त्याला स्वतःचा रंग आहे, तें देव्हाऱ्यांत स्थिर असलें तरी शोभतें. टिकली स्थिर असली तर मेलेली असते. भर दुपारच्या उन्हांत ती डोळ्यांस टोंचते. आणि मंद प्रकाशांत, हलत्या अंगावर, ती जिवंत होते. तिला स्वतःचें तेज नाहीं. जवळच्या दिव्याचें तेज उसनें घ्यावयाचें आणि तें दूरच्या माणसाच्या डोळ्यापर्यंत पोंचवावयाचें, एवढाच तिचा व्यवहार. थोडक्यांत म्हणजे अपुऱ्या प्रकाशांत गति दाखविण्याचें तें एक साधन आहे. टिकलीच्या मोहिनीचें मर्म माझ्या मतें येथें आहे, आणि तिचे गुणदोष ठरवावयाचे ते याच कसोटीवर.

ही कसोटी घेऊन आतां तमाशाच्या फडाकडे यावें. पूर्वीं दिवट्या आणि मशाली यांच्या उजेडांत खेळ चालत. पुढें गॅसबत्त्या आल्या, आणि विजेचे दिवे तर फारच अलीकडचे. समोर उघड्या जमिनीवर शेंकडों माणसें बसलेलीं. शेवटच्या रांगेंतल्या माणसास नाचणारीचे डोळे दिसत नाहींत, ओंठ दिसत नाहींत, हाताची मुद्राहि धूसर दिसते. गण संपून गौळण सुरू होते, डोक्यावरून घेतलेल्या पदराचे कांठ दोन्ही हातांनीं ताणून गवळणी गिरकी घेतात, आणि त्या पदरावरील टिकल्यांची ओळ उजेडाची एक रेघ मारीत जाते. ती रेघ मात्र शेवटच्या रांगेस दिसते. ढोलकीची थाप, हलगीचा कडकडाट आणि घुंगुरांचा ठेका कानांस जें सांगतो, तेंच टिकली डोळ्यांस सांगते. घुंगुर गळ्यांतल्या हारासारखा केवळ शोभेचा आहे असें कोणी म्हणत नाहीं. तो वाद्यांत जमा होतो. टिकलीचीहि गणना तशीच व्हावयास हवी. वगांतल्या राजाच्या मखमली अंगरख्यावरील कलाबतू आणि टिकल्या पाहून प्रेक्षक त्यास राजा मानतात; तोच नट पहाटे घोंगडी पांघरून सामानाच्या गाडींत झोंपणार आहे हेंहि त्यांस ठाऊक असतें. या दोन्ही गोष्टी एकदम ठाऊक असणें, यालाच तर आपण रंगभूमीवरील विश्वास म्हणतों.

याच्या उलट बाजूचें उदाहरण आपल्या नाट्यपरंपरेंतच आहे. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांचे शालू, पैठण्या आणि अलंकार यांचा थाट खरोखरीच मोलाचा असे, आणि त्याची चर्चा घरोघर होई. तेथें प्रेक्षक बंदिस्त नाट्यगृहांत खुर्च्यांवर बसलेला, जरीची वीण पाहूं शकेल इतका जवळ, आणि तिची किंमत ओळखूं शकेल इतका सुस्थित. त्या रंगभूमीस जर शोभली, या रंगभूमीस टिकली शोभली. दोन्हीं ठिकाणीं वेषानें आपलें काम चोख केलें. आमच्या टीकाकारांनीं मात्र खुर्चीवर बसून केलेलें माप जमिनीवर बसलेल्यांच्या खेळास लाविलें. हाताच्या अंतरावरून पाहावयासाठीं जी वस्तु घडलेलीच नाहीं, ती हाताच्या अंतरावरून पाहून भडक ठरविली.

हा केवळ रसिकतेचा बारीकसा वाद असता तर त्यावर इतकें लिहिण्याचें कारण नव्हतें. पण अभिरुचीचे शब्द वस्तूपाशीं थांबत नाहींत. ते ती वस्तु लेणाऱ्या माणसापर्यंत जातात. तमाशा उभा केला तो मुख्यत्वें महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील कलावंतांनीं. त्यांच्या कापडास भडक म्हणतां म्हणतां आम्हीं त्यांच्या कलेस भडक म्हटलें आणि मग त्यांच्या आयुष्यासहि तेंच म्हणून मोकळे झालों. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली होती; ती पुढें उठली, पण बंदीमागील दृष्टि उठावयास फार काळ लागला. विठाबाईंची शेवटचीं वर्षें विपन्नावस्थेंत गेलीं. त्यांच्या निधनानंतर महाराष्ट्र शासनानें तमाशाक्षेत्रांतील जीवनगौरव पुरस्कारास त्यांचें नांव दिलें, हें उचितच झालें. परंतु जिच्या टिकल्यांनीं शेवटच्या रांगेंतल्या माणसास रात्रभर जागें ठेविलें, तिचें घर मात्र अंधारांत राहिलें, ही गोष्ट त्या पुरस्कारानें पुसली जात नाहीं.

तमाशाच्या बाहेर, घरगुती कलाकुसरींत, टिकलीस हीच कसोटी लावून पाहूं. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत आपला छापखाना काढला; पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि फ्रिट्झ श्लाइखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथून निघालेलीं लक्ष्मी-सरस्वतीचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचलीं, आणि कित्येक घरांतील बायकांनीं त्या छापील देवतांस खऱ्या कापडाचीं वस्त्रें चिकटविलीं, कांठांस जर लाविली, मुकुट आणि हार यांवर टिकल्या व मणी शिवले. कलेच्या अभ्यासकांनीं या सजविलेल्या चित्रांकडे पुष्कळ दिवस दुर्लक्ष केलें; आतां संग्राहक तीं हौसेनें जमवितात. या चित्रांतील बरेंवाईट सहज निवडतां येतें. जेथें टिकली चित्रांतील दागिन्याच्याच जागीं बसली आहे, तेथें समईची ज्योत हलली कीं मुकुट लुकलुकतो, आणि हजारों प्रतींतली ती एक छापील लक्ष्मी त्या एका घरची होते. जेथें हौस अनावर होऊन मागचें आकाश, कमळें, हत्ती सारेंच टिकल्यांनीं भरून निघालें आहे, तेथें देवीचा चेहरा त्या गर्दींत हरवतो. आणि तेंच चित्र कांचेच्या चौकटींत घालून विजेच्या पांढऱ्या नळीखालीं टांगलें, म्हणजे बरी टिकली आणि वाईट टिकली दोन्ही सारख्याच निर्जीव दिसतात.

रुखवतासंबंधींहि असेंच म्हणतां येईल. लग्नांत मांडलेल्या रुखवतांतील तोरणें, नारळ, सुपाऱ्या, कलश यांवर टिकल्या लावण्याची चाल सर्वांस माहीत आहे. मुळांत हा स्वस्त वस्तूंस हाताच्या श्रमानें मोल आणण्याचा मार्ग होता, आणि वधूच्या मैत्रिणींच्या बोटांची कारागिरी त्यांत दिसे. सुपारीचा गोल आकार सुपारीसारखा दिसत राहिला आणि टिकली नुसती त्याच्या कडेनें फिरली, तर दृष्टीस सुख होतें. सुपारी अजिबात दिसेनाशी होईपर्यंत टिकल्या चिकटविल्या तर तें काम चिकाटीचें खरें, परंतु सौंदर्याचें नव्हे. या बाबतींत आपल्या बंजारा भगिनींकडून शिकण्यासारखें आहे. त्यांच्या फेटियावर आणि कांचळीवर भिंगें असतात, नाणीं असतात, पण रंगीत दोऱ्याची वीण त्यांच्यामध्यें मोकळी जागा राखून ठेवते. चमक उठून दिसावयास तिच्या शेजारीं न चमकणारें कांहीं तरी असावें लागतें.

आतां छायाचित्राकडे वळूं. टिकली आणि छायाचित्र हीं जवळचीं नातलग आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत टिकल्या जिलेटिनच्या होत असत. घामानें किंवा पावसानें त्या विरघळून जात. त्याच जिलेटिनमध्यें चांदीचे क्षार मिसळून छायाचित्राची कांच आणि फिल्म तयार होई. पुढें टिकली अॅसिटेटची झाली, फिल्महि अॅसिटेटची झाली. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोघींनींहि पॉलिएस्टरचा आश्रय केला. दोघींचा जन्म प्रकाश पकडण्यासाठीं, आणि दोघींचें शरीरहि एकच. पण स्वभाव मात्र विरुद्ध! टिकली प्रकाश घेते आणि तत्क्षणीं परत करते. छायाचित्र तो घेतें आणि धरून ठेवतें. म्हणून टिकल्यांच्या पोषाखाचें स्थिर छायाचित्र बहुधा फसतें. ज्या टिकल्या त्या क्षणीं योग्य कोनांत असतील त्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या जळून निघतात, बाकीच्या काळवंडतात, आणि पेटण्या-विझण्याचा जो खेळ त्यांचा प्राण, त्याचा मागमूस राहत नाहीं.

चित्रपटानें गति परत मिळवून दिली. व्ही. शांताराम यांच्या १९७२ च्या 'पिंजरा' या रंगीत चित्रपटांत टिकली, जर आणि घुंगुर यांस मोठ्या पडद्यावर मानाचें स्थान मिळालें. त्याचें कथाबीज १९३० च्या एका प्रसिद्ध जर्मन चित्रपटाचें असलें, तरी तमाशास तुच्छ लेखणारा त्यांतला आदर्श शिक्षक अस्सल आपल्याकडचा आहे. आम्हां अध्यापकांच्या अभिरुचीची परीक्षा त्या पात्राच्या रूपानें घेतली गेली, असेंहि म्हणतां येईल. परंतु चित्रपटांत एक निराळीच गोष्ट घडली. कॅमेरा नाचणारीच्या हाताच्या अंतरावर गेला. शेवटच्या रांगेसाठीं केलेला वेष पहिल्या रांगेच्याहि पुढून दिसूं लागला, आणि त्या जवळिकीस पुरून उरावें म्हणून वेष अधिकाधिक चकचकीत होत गेला. पुढें तोच वेष चित्रपटांतून फडावर परत आला. आजच्या फडावर दिसणारा झगमगाट हा पुष्कळ अंशीं तमाशाचा नव्हे, पडद्याचा आहे. याच्या तुलनेंत संदेश भंडारे यांच्या 'तमाशा : एक रांगडी गंमत' या छायाचित्रांच्या पुस्तकाचा मार्ग अधिक विचाराचा वाटतो. त्यांनीं आपला कॅमेरा रंगमंचाबरोबरच राहुटींतहि नेला. जो वेष रात्रीं चमकतो त्याच्या आंतलें माणूस दिवसा कसें जगतें, हें शेजारीं ठेविलें म्हणजे टिकलीचा खरा अर्थ स्थिर चित्रांतहि उमटूं शकतो.

आजच्या लग्नसमारंभांत परिस्थिति याच्या अगदीं उलट झाली आहे. पोषाख निवडला जातो तोच मुळीं छायाचित्रासाठीं. कॅमेऱ्याशेजारून समोर प्रकाशाचा झोत पडतो, आणि पायाच्या घोळापासून पदरापर्यंत टिकल्यांनीं मढविलेलें वस्त्र एकदम धगधगतें. मांडवांत अंधार कोठेंच नाहीं, अंगाची लयबद्ध हालचाल नाहीं, आणि टिकल्याहि बहुधा यंत्रानें चिकटविलेल्या, जखडलेल्या. जिचें काम अपुऱ्या प्रकाशांत गति दाखविण्याचें, तिला भरपूर प्रकाशांत स्थिर उभें केलें. मग ती शोभेल कशी? गंमत म्हणजे ज्या सुशिक्षित घरांनीं तमाशाच्या टिकलीस भडक म्हटलें, त्याच घरांत ती आज पायघड्यांवरून आली आहे. भडकपणाचा दोष लावावयाचाच असेल तर तो या ठिकाणीं अधिक न्यायानें लागू पडेल.

राहतां राहिला प्रश्न महाळुंगे पडवळचा. ज्या गांवानें स्वदेशीसाठीं हुतात्मा दिला, त्या गांवासमोर टिकलीची तरफदारी करणें औचित्यास धरून आहे काय? पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, स्वदेशीची चळवळ म्हणजे साधेपणाची चळवळ, आणि खादीचा शुभ्र रंग म्हणजे चमकेविरुद्ध दिलेला निकाल. मला ही समजूत अर्धीच खरी वाटते. बाबू गेनू ज्या मोटारीसमोर आडवे झाले, तिच्यांतलें कापड साधें होतें कीं नक्षीचें, हा प्रश्नच त्या दिवशीं नव्हता. तें कोणाच्या हातचें, त्याचा पैसा कोठें जाणार, आणि त्यापायीं येथल्या कोणाचा चरखा आणि माग बंद पडणार, हा प्रश्न होता. स्वतः गिरणींत राबलेल्या मनुष्यास कापडाच्या पाठीमागचे हात दिसत होते. परदेशी मालावरील बहिष्कारांत ऑस्ट्रियाच्या कांचेच्या बांगड्यांवरहि रोष होता. पण म्हणून बांगडी भरणें कोणी सोडलें नाहीं. नटण्याची इच्छा परदेशी नव्हती; माल परदेशी होता.

तोच प्रश्न आजच्या टिकलीस विचारावा, आणि तो विचारला कीं उत्तर फारसें सुखाचें येत नाहीं. आजची टिकली प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून ठोकून काढतात. चौकोनी पत्र्यावर सरळ रांगांत गोल पाडले तर भूमितीच्याच नियमानें शंभरांतील एकवीस भाग पत्रा वायां जातो. गोल एकमेकांच्या खांचेंत बसविले तरी नऊ भाग जातोच. आणि जी टिकली वस्त्रावर पोंचली, तीहि दोन-चार समारंभांनंतर गळून मातींत जाते, तेथें ती कुजत नाहीं. जिलेटिनची टिकली पावसांत विरघळे हा तिचा दोष समजला गेला. आज वाटतें कीं तोच तिचा गुण होता. शिवाय हातानें टिकली शिवणाऱ्या कारागिराची मजुरी, वस्त्राची विक्रीची किंमत आणि नेसणारीचा आनंद या तिहींचा मेळ कोठें बसतो, हें प्रत्येक ग्राहकानें एकदां तरी विचारून पाहावें. स्वदेशीचा हाच धडा आहे, आणि तो खादीइतकाच टिकलीसहि लागू आहे.

तेव्हां निर्णय असा करावयास हरकत नाहीं. टिकली मोजकी असावी; ती डुलणारी असावी, जखडलेली नसावी; तिच्याशेजारीं मोकळें कापड असावें; आणि जेथें कांहीं हलतें आहे व उजेड थोडा आहे, तेथेंच तिला बोलवावें. या अटी पाळल्या तर ती सोन्याहून कमी नाहीं, कारण सोन्याचें काम तिनें कधीं मागितलेलेंच नाहीं. ज्यांच्या घरीं उजेड कमी, त्यांनीं तिला प्रथम ओळखलें आणि योग्य ठिकाणीं वापरलें. ज्यांच्या घरीं उजेड अधिक झाला, त्यांनीं आधीं तिला नांवें ठेविलीं आणि मग तिची नासाडी केली.

बेगडाविषयीं भाषेनें दिलेला निकाल यानंतर फिरवून घ्यावा, अशी माझी सूचना आहे. एखाद्या खोट्या विद्वानास बेगडी म्हणणें म्हणजे बेगडाचा उपमर्द करणें होय. त्याच्यासाठीं मुलामा हा शब्द आहे, तो वापरावा. मुलाम्यास आपण उघडे पडूं ही भीति असते. बेगड पहिल्यापासूनच उघडा आहे. चार दिवस बाशिंगावर, एक दिवस बैलाच्या शिंगावर, एक रात्र गौळणीच्या पदरावर तो चमकतो, मग फिका पडतो, आणि आपण फिका पडणार हें त्यानें कोणापासून लपविलेलें नसतें.